मंग आमाले काय सांगतलं?

“बाई, ऐकलं का? किनवटकडचा तो पोट्टा नवरी पाहाले निघाला. बोथ झालं, मामडा झालं, पेंबी झालं, नागपूर-हैदराबादचा मोठा रोडबी ओलांडून गेला म्हणते. अन् कुठीच जमलं नाई त्याचं.”

स्थळाचा विषय निघाला की मी हातातली परात खाली ठेवते. आमच्या आणि मावशींच्या अंगणामध्ये एक गंजकी जाळी आहे. तिच्यावर त्यांचा दोडका आणि आमची गोकर्ण इतकी गुंतलीत की कोणी काय तोडायचं हा वाद आम्ही कधीच सोडून दिला.

“कोणाचा मुलगा?”

“कोणाचा म्हंजे? वाघाचा!”

बातमी २०२४च्या दिवाळीच्या आगेमागेची. पण नातवाने मोबाइलवर काल दाखवली, म्हणून मावशींच्या लेखी कालचीच. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या रानातला हा नर वाघ, नाव जॉनी. थंडी पडायच्या सुमाराला तो वाघिणीच्या शोधात आदिलाबादेत शिरला आणि तिथून निर्मलकडच्या जंगलात गेला. मावशींना त्याची दया येत होती. इतकं चालून पाहुणचारसुद्धा धड झाला नाही बिचाऱ्याचा.

“त्याच्या आधी एक होता मावशी, आपल्या तिपेश्वरचा. त्याची तर सगळी वाट लिहून ठेवलीय.”

तिपेश्वर म्हणजे आम्हाला अंगणच. पैनगंगेचा पूल ओलांडला की पांढरकवड्याचा रस्ता. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांनी फेब्रुवारी २०१९मध्ये तिथल्या एका तरुण नराच्या गळ्यात पट्टा बांधला. तो वाघ कुठे आहे हे पट्टा उपग्रहाकडून कळवत राहतो. जूनमध्ये वाघाने घर सोडलं आणि पुढचे नऊ महिने तो चालतच राहिला. यवतमाळ, आपला आदिलाबाद, पुन्हा महाराष्ट्र, आणि शेवटी बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य. तीन हजार किलोमीटरच्या वर. पाच हजारांहून जास्त ठिकाणांची नोंद जमली आणि लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हणायला सुरुवात केली. ज्ञानगंगेत खायला भरपूर होतं, वाघीण मात्र नव्हती.

“कवा उठला, कवा निजला, कुठी गेला, सारं मालूम?”

“सगळं.”

“असा पट्टा आमच्या बुढ्याच्या गळ्यात पायजे होता. बेल्याच्या बाजारातून घरी याले तीन तीन दिवस लागे त्याले.”

हसून झाल्यावर मावशींनी जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. “तो वाघ ज्याच्या ज्याच्या वावरातून गेला, त्या कास्तकाराले कोणी सांगतलं का? म्हंजे पट्टा होता वाघाच्या गळ्यात, पण जित्राबं होती आमची.”

मी सांगितलं ते असं. ह्या नोंदींतून संशोधकांना कळलं की वाघ काही जंगलाजंगलातूनच जात नाही. दिवसा तो नाल्यातल्या झुडपात, उसात, तुरीत पडून राहतो आणि रात्री वावरं, कालवे, डांबरी रस्ते ओलांडतो. दोन जंगलांच्या मधला जो पट्टा आपल्याला पडीक वाटतो, तोच त्याचा जाण्यायेण्याचा रस्ता. ताडोबा, तिपेश्वर आणि आपलं कवाल ह्यांच्यामध्ये असे रस्ते शिल्लक आहेत म्हणून वाघ येतात. कवालला २०१२मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ येतात, पण घर करून राहत नाहीत ही तिथली जुनी तक्रार. मावशींनी ती रद्दबातल केली: “नवरी नाई तं राहीन कायले?”

पण जॉनी आला त्याच नोव्हेंबरात कागजनगरकडे कापूस वेचायला गेलेल्या एका तरुण बाईला वाघाने मारलं. ते आम्ही दोघी विसरलेलो नव्हतो. वेचणीच्या बाया सकाळच्या धुक्यात ओणव्या होऊन पऱ्हाटीत शिरतात, आणि वाघाची दिवसभर पडून राहायची जागाही तीच. पाच हजार नोंदींमधली ही एक ओळ डिसेंबरच्या आत त्या बायांपर्यंत पोचायला हवी, हे मावशींचं म्हणणं मला कुठल्याही शोधनिबंधाच्या शेवटच्या परिच्छेदापेक्षा मोलाचं वाटतं. त्यांचे शब्द एवढेच होते: “मंग आमाले काय सांगतलं?”

मेलेल्यांचीही चौकशी होते म्हटल्यावर त्या आणखी चकित झाल्या. जुना आदिलाबाद जिल्हा प्राणहितेपर्यंत होता, तेव्हाची गोष्ट. तिकडच्या यामनपल्लीजवळ डायनासोरची हाडं निघाली. पी. यादगिरी ह्या भूशास्त्रज्ञांनी १९८८मध्ये त्या जनावराला कोटासॉरस यामनपल्लिएन्सिस असं बारसं केलं. पाला खाणारा, लांब मानेचा प्राणी. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. मावशींचं मत, गावाचं नाव तरी लावलं, हे बरं केलं. आपल्याकडच्या कितीतरी गोष्टी हैदराबादला जातात आणि नावसुद्धा मागे उरत नाही.

तेवढ्यात त्यांना भावाचा फोन आठवला. म्हणजे भावाला आलेला. रैतू बंधू नवं नवं सुरू झालं होतं, २०१८चा उन्हाळा. एकरी चार हजाराचे चेक वाटले होते. एक दिवस कोणी बाई फोनवर विचारते, चेक मिळाला का? कधी मिळाला? कोणी पैसे मागितले का? भाऊ समजला लॉटरीवाली आहे. त्याने दोन शिव्या हासडल्या आणि फोन ठेवला.

“मावशी, तुमच्या भावाने बहुतेक अमेरिकेच्या संशोधनाला शिव्या दिल्या.”

तेव्हा तेलंगणात खरंच असा मोठा प्रयोग झाला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो इथले कार्तिक मुरलीधरन आणि त्यांचे सहकारी अर्थशास्त्रज्ञ ह्यांनी तो केला. काही मंडलं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली. तिथल्या अधिकाऱ्यांना आधीच कळवलं की चेक पोचला का, हे आम्ही शेतकऱ्यालाच फोन करून विचारणार. बाकीच्या मंडलांतल्या अधिकाऱ्यांना ते सांगितलं नाही. योजना जवळजवळ सत्तावन्न लाख शेतकऱ्यांची. २०२१मध्ये निष्कर्ष छापून आले. जिथे ‘आम्ही विचारणार’ एवढं आधी सांगितलं होतं, तिथे पैसे न मिळालेल्या शेतकऱ्यांची संख्या ७.८ टक्क्यांनी कमी झाली. जास्तीचे शंभर रुपये शेतकऱ्याच्या हाती पडायला खर्च आला साडेतीन रुपयांच्या थोडा वर.

मावशी जाळीवर कोपर टेकून माझ्याकडे बघत राहिल्या. “म्हंजे, कोणी पाहून रायलं म्हटलं की साहेब काम करते. हे शोधाले अमेरिकेहून आले?”

“हो.”

“मले इचारलं असतं तं फुकट सांगतलं असतं. माह्या सासूनं आयुष्यभर हेच केलं.”

सासूबाईंचं शास्त्र खरंच होतं. पण सासू सांगते म्हणून सरकार फोन लावत नाही. ७.८ आणि साडेतीन रुपये असं कागदावर आलं की सचिवालयातला माणूस निदान मान वर करतो. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट किती खरी आहे, हे मोजून सांगणं ह्याला मी तरी कमी लेखणार नाही. मावशींना ते पटलं नाही. पण त्यांनी दुसरीच खोच काढली. भावाच्या शेजारचा माणूस वीस वर्षं बटईने वावर करतो, पासबुक मालकाच्या नावाने, मालक राहतो नागपूरला. रैतू बंधूचा चेक नागपूरला गेला आणि बोंडअळी ह्याच्या वाट्याला आली. त्याला कोणाचा फोन आला नाही. येणार कसा? फोन यादीतल्या नावांना, यादी पट्टादारांची. चेक कोणाला पोचला हे प्रयोगाने चोख मोजलं. चेक कोणाचा असायला हवा होता हा प्रश्न त्याच्या वहीत नव्हताच. एवढं मी मावशींच्या बाजूने मान्य केलं आणि आम्ही दोघींनी एकेक दोडका तोडला.

समोरून आशाताई जाताना दिसली. गळ्यात पिशवी, पिशवीत झोळीचा काटा. मावशींच्या नातसुनेचं बाळंतपण होऊन आठच दिवस झालेत.

“ही पोरगी तिसऱ्यांदा आली. पोराले तोलते, ताप पाहते, हात धुवाले सांगते. मले शिकवते! मी पाच काढले.”

आता माझी पाळी होती. “मावशी, ही जी येते ना, ती येण्यामागे गडचिरोली आहे.”

प्राणहितेच्या पलीकडचं गडचिरोली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे राहायला गेले. नव्वदच्या दशकात त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने एकोणचाळीस गावांत एक गोष्ट करून पाहिली. गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बाईला नवजात बाळाची काळजी शिकवायची. घरी जाऊन बाळाला तोलायचं, ऊब द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा; वेळ पडली तर इंजेक्शनही तिनेच द्यायचं. मोठ्या डॉक्टरांना त्यावेळी हे धाडस वाटलं असणार. पण जिथे हे नव्हतं त्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो निबंध आला. २०११पासून देशभरातल्या आशांना हेच काम मिळालं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी यायचं, घरी झालं असेल तर सात.

मावशी गप्प बसल्या, जे क्वचित होतं. त्यांनी पाच काढले खरे, पण दोन गेले, एक सहाव्या दिवशी आणि एक बाराव्या. तो हिशेब त्या कोणाला सांगत नाहीत; मला ठाऊक आहे कारण त्यांच्या सुनेने सांगितलंय, ह्याच जाळीवरून.

मग एकदम म्हणाल्या, “मंग तिले चहा पाजाले पायजे होता.” आणि आशाताईला हाक मारली. ती पुढच्या गल्लीत गेली होती.

ह्यानंतर त्यांनी आवाज खाली घेतला. आवाज खाली गेला म्हणजे खरी बातमी.

आमच्याच ओळीतली एक मुलगी. नाव सांगत नाही, तुम्ही विचारूही नका. यवतमाळकडचं स्थळ जमत आलं होतं. मुलगा बँकेत, घर पक्कं, हुंड्याचं नाव नाही. मुलीच्या कॉलेजात रक्ततपासणी झाली होती, त्यात ती ‘सिकल’ निघाली. मुलीच्या आईने सरळपणाने सांगून टाकलं आणि तिकडच्यांनी पोह्यांच्या बशा तशाच ठेवल्या.

“चांगली धडधाकट पोट्टी. अन् रक्तात विळे निघाले म्हणते. कोण करीन तिले?”

“तिच्या कार्डावर काय लिहिलंय मावशी? वाहक की रुग्ण?”

“ते काय मालूम. सिकल म्हंजे सिकल.”

इथे मात्र मी परात, दोडका, सगळं बाजूला ठेवलं. हे ह्या भागात प्रत्येक घराला माहीत असायला हवं आणि नेमकं हेच अर्धवट पोचलंय. रक्तातलं जे हिमोग्लोबिन असतं, त्याची एक कृती आईकडून येते आणि एक बापाकडून. एक कृती चुकीची आणि एक बरोबर असेल तर तो वाहक. तो शेतात राबतो, धावतो, म्हातारा होतो. त्याला आजार नसतो. दोन्ही चुकीच्या आल्या तर रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांमध्ये अडकतात आणि हाडं फुटल्यासारख्या कळा येतात. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळा मूल रुग्ण निघण्याची शक्यता.

“म्हंजे चार लेकरं झाले तं एक जाईन.”

“तसं नाही. प्रत्येक वेळी नव्याने फासा पडतो. चारही चांगली होतील, नाहीतर दोन निघतील. आणि दोघांपैकी एकच वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर एकही मूल रुग्ण होत नाही. एकसुद्धा नाही.”

मावशी विचारात पडल्या. मग मी ज्यासाठी एवढी तापले होते ते विचारलं. “मुलाचं रक्त तपासलंय का?”

“पोट्ट्याचं? पोट्ट्याचं काहून तपासन?”

हेच. मुलीने कार्ड दाखवलं म्हणून मुलगी खोटी. मुलाचं कार्डच नाही म्हणून मुलगा खरा. तपासणीत तो निर्दोष निघाला तर ह्या लग्नात सिकलची भीतीच उरत नाही. वाहक निघाला तर बसून बोलावं, डॉक्टरला विचारावं. आता झालंय असं की त्याच मुलाला उद्या दुसरी न तपासलेली मुलगी दाखवतील आणि सगळे निर्धास्त जेवतील. तपासायला लागतं काय? बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकायचा, ते गढूळ झालं की पुढची पक्की तपासणी. इथल्या रिम्स दवाखान्यात जाऊन विचारलं तरी कोणी रस्ता दाखवेल.

मावशींचा पुढचा वार ठरलेला होता. “पण हे तं गोंड-कोलामायचं दुखणं. आपल्यात कुठून आलं?”

आपल्यातही आहे. विदर्भात दलितांमध्ये, कुणब्यांमध्ये, तेल्यांमध्ये सापडलंय. पुण्याचे डॉ. सुदाम काटे महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत वर्षानुवर्षं हे रक्त तपासत हिंडले. २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारतात हा दोष पहिल्यांदा लक्षात आला तो १९५२मध्ये, निलगिरीत. आणि तो जंगलाच्या आसपासच का दाटलाय, ह्याचं उत्तर दोनच वर्षांनी ऑक्सफर्डच्या अँथनी अ‍ॅलिसनने आफ्रिकेत शोधलं. जिथे हिवताप होता तिथे वाहक मुलं हिवतापातून तगत होती. एक चुकीची कृती अंगात असणं हे त्या रानात कामाचं होतं.

“म्हंजे आंधी त्यानंच वाचवलं,” मावशी म्हणाल्या, “अन् आता त्याच्यापायीच लगन मोडलं.”

ह्यावर मी काय बोलणार! त्यांना अजून एक ऐकवायचं होतं ते ऐकवलं. केंद्र सरकारने जुलै २०२३मध्ये शहडोलहून मोहीम सुरू केली, २०४७पर्यंत हा आजार हटवायचा म्हणून. तीन वर्षांत सात कोटी लोक तपासायचं ठरलं. म्हणूनच शाळा-कॉलेजांत सुया दिसतात. रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आहेत, कळा कमी करतात. आणि २०२३च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत एक इलाज मंजूर झाला, त्यात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढून त्यांच्या गुणसूत्रात नेमकी कात्री चालवतात. ती कात्री शोधून काढली म्हणून डाउडना आणि शार्पेंतिए ह्या दोन बायांना २०२०चं नोबेल मिळालं.

“किती पैसे लागते?”

“बावीस लाख डॉलर.”

“रुपयात सांग.”

“अठरा-वीस कोटी.”

मावशींनी कपाळाला हात लावला, मग पदर सावरला. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेने ह्याच जातीचा देशी इलाज पुढे आणला, बिरसा मुंडांच्या नावाने ‘बिरसा १०१’, आणि त्याचं तंत्र पुण्याच्या सीरमकडे दिलं, हे सांगून मी त्यांचं समाधान करायला गेले. त्या म्हणाल्या, “ते येईन तवा येईन. आंधी त्या पोट्ट्याचा थेंब घ्या.” ह्याला म्हणतात अग्रक्रम. दवाखान्यातला कुठलाही फलक इतक्या कमी शब्दांत ते सांगत नाही.

आमच्या गप्पांचा एक नियम आहे. मावशींनी मला एकदा गाठलं की मी त्यांना एकदा गाठायचं. म्हणून मी विचारलं, “मावशी, मार्लवाईचा गोरा साहेब ठाऊक आहे?”

ठाऊक होता. केसलापूरच्या नागोबा जत्रेला त्या लहानपणी बैलगाडीने गेल्या होत्या तेव्हापासून. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा तो हिंदुस्थानात होता आणि खिशात जर्मन पासपोर्ट. इंग्रजांच्या लेखी शत्रूच. त्याला निजामाच्या राज्यात राहायची मुभा मिळाली. १९४०मध्ये जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमराम भीम मारला गेला होता; गोंड का उठले हे निजाम सरकारला समजून घ्यायचं होतं. हा माणूस बायको बेटीसह मार्लवाईत येऊन राहिला, गोंडी शिकला, १९४३मध्ये तिथे गोंडी शाळा आणि मास्तर तयार करायचं केंद्र सुरू झालं. ‘आदिलाबादचे राज गोंड’ हा त्याचा इंग्रजी ग्रंथ १९४८चा. पुढे लंडन विद्यापीठात प्राध्यापक झाला, पण येत राहिला. बेटी १९८७मध्ये हैदराबादला वारली तर तिची समाधी मार्लवाईत बांधली. नंतर त्याच्याही अस्थी तिथेच आणल्या. दर जानेवारीत गाव त्यांची पुण्यतिथी करतं.

असं सगळ्यांचंच होतं असं नाही. तरी नारनूर मंडलातल्या गुंजाळ्याचं पाहा. हैदराबाद विद्यापीठाच्या जयधीर तिरुमल राव ह्यांच्या चमूला तिथल्या घरांत गोंडी लिपीच्या जुन्या वह्या मिळाल्या. काही १७५०च्या सुमाराच्या मानल्या जातात. ती लिपी संगणकाच्या जागतिक युनिकोड यादीत २०१८मध्ये आली आणि गुंजाळ्याच्या मुलांना ती शिकवलीही गेली. वह्या गेल्या तशा अक्षरं होऊन परत आल्या. आपल्या मराठीतही हे वेड असलेला एक माणूस होऊन गेला: सेतुमाधवराव पगडी. लोक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतात; हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत असताना त्यांनी गोंडी आणि कोलामीची व्याकरणं लिहिली, हे आदिलाबादकरांनी तरी विसरू नये.

“चांगला माणूस होता म्हंजे तो गोरा,” मावशी म्हणाल्या.

“चांगला होता. पण त्याने आपल्याबद्दलही लिहिलंय.”

“आपल्याबद्दल काय?”

सांगावं की नाही असं क्षणभर वाटलं. मग सांगितलं. गोंडांच्या जमिनी कशा गेल्या, हा त्याच्या अहवालांचा मोठा भाग आहे. रस्ते झाले, रेल्वे आली, आणि वऱ्हाडाकडून मराठी कास्तकार व इकडून तेलुगू कास्तकार उतरले. गोंड वर्षानुवर्षं फिरत्या पद्धतीने कसत होते, कागद कोणाकडेच नव्हता. ज्यांना पटवाऱ्याशी बोलता येत होतं, अर्ज करता येत होता, सावकार ओळखीचा होता, त्यांच्या नावाने पट्टे झाले. पुढे अशा जमिनींचे व्यवहार रोखणारा एक-सत्तरचा कायदा आला त्याच्या मुळाशीही हीच गोष्ट.

मावशींचे आजोबा वणीकडून दोन बैल घेऊन आले होते. ही कथा मी शंभरदा ऐकलीय: रान मोकळं पडलं होतं, आज्याने खणलं, पिकवलं. ‘मोकळं’ हा शब्द त्या नेहमी जोर देऊन म्हणत. आज म्हणाल्या नाहीत.

“तवा कोणी सांगतलं नाई का, की हे वावर कोणाचं हाय म्हणून?”

“सांगणाऱ्यांची भाषा आपल्याला येत नव्हती, मावशी.”

“येत होती,” त्या तडकून म्हणाल्या. “माह्या आज्याले गोंडी येत होती. चांगली येत होती.”

नातसुनेचं बाळ रडायला लागलं तशा त्या वळल्या, दोन पावलं गेल्या आणि परत जाळीशी आल्या. चेहरा पूर्ववत झाला होता, म्हणजे बातमीचा वास आलेला.

“बाई, त्या गोऱ्याच्या पुस्तकात माह्या आज्याचं नाव असन का?”

“गावांची नावं खूप आहेत. माणसांची बघावी लागतील. पुस्तक मिळवते मी हैदराबादहून.”

“मिळव. असलं तं आंधी मले सांग.” मग कोपऱ्यावरच्या पिवळ्या घराकडे भुवई उडवून, “अन् तिच्याबी आज्याचं पाह्य. तेबी वणीकडूनच आले होते.”